चिलखताचे सांधे

प्रत्येक घरांत एकादी तरी अशी वस्तु असते कीं, तिच्याकडे बोट दाखवून पाहुणा "हें काय?" म्हणून विचारतो आणि उत्तर देतांना यजमानाला थोडें ओशाळें व्हावें लागतें. आमच्या घरीं ती वस्तु पुस्तकांच्या कपाटांत, शेक्सपिअरच्या नाटकांशेजारीं ठेविलेली आहे. ती पोलादी पत्र्याची असून आकारानें नारळाच्या करवंटीसारखी आहे. मात्र ही करवंटी एका अंगानें चेपलेली आणि दुसऱ्या अंगानें जरा अधिकच फुगलेली आहे. आजवर एका पाहुण्यानें ती मोटारीच्या दिव्याची वाटी ठरविली, दुसऱ्यानें तिला रक्षापात्र समजून तींत सिगारेटची राख झाडली, आणि आमच्या एका वडील आप्तांनीं तर "या पळीचा दांडा कोठें गेला?" अशी आस्थेनें चौकशी केली. ही वस्तु म्हणजे पंधराव्या शतकांतील पद्धतीच्या युरोपीय चिलखतांतील कोपर झांकणारी वाटी असून ती आम्हीं स्वतःच्या हातांनीं घडविली आहे, असें सांगितलें म्हणजे पाहुणा प्रथम आमच्याकडे आणि नंतर आमच्या सौभाग्यवतीकडे पाहातो. ती नुसती मान हलविते. "होय, खरेंच आहे, छप्पन्नाव्या वर्षीं यांना हें असें झालें," एवढा सर्व अर्थ त्या हालचालींत असतो.

हें कसें झालें तें सांगावयाचें तर थोडें मागें जावें लागेल.

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. तेवढ्या अवधींत स्कॉटची 'आयव्हॅन्हो' आम्हीं किती वर्गांना शिकविली याचा हिशोब नाहीं. त्यांतील द्वंद्वयुद्धांचा प्रसंग आला कीं आमचा आवाज आपोआप चढे, फळ्यावर खडूनें शिरस्त्राण उमटे, आणि शेवटच्या बाकावरील विद्यार्थीहि क्षणभर हातांतला भ्रमणध्वनि खालीं ठेवीत. परंतु खरें चिलखत आम्हीं हातांत कधींच धरलें नव्हतें. चिलखत म्हटलें कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें १६५९ सालचा प्रतापगड उभा राहातो. महाराजांच्या अंगरख्याखालीं चिलखत होतें, हें आपण कळूं लागल्यापासून ऐकत आलेले असतों. आमची गतिहि त्यापुढें नव्हती. जे शब्द आम्हीं तीस वर्षें कोशांतून काढून मुलांच्या पुढें ठेविले, त्यांचें खरें वजन किती असतें हें आम्हांस ठाऊक नव्हतें. तें आम्हांस आमच्या मुलाकडून शिकावें लागलें.

आमचे चिरंजीव २०१७ सालीं यंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठीं इंग्लंडांत लीड्स येथें गेले, आणि शिक्षण संपल्यावर तेथेंच नोकरीस राहिले. पहिल्या वर्षीं दर रविवारीं तासभर बोलणें होई, पुढें तें अर्ध्या तासावर आलें, आणि शेवटीं "तिकडे पाऊस आहे का?" व "इकडे फार उकडतें आहे" या दोन वाक्यांत पितापुत्रांचा सर्व व्यवहार आटोपूं लागला. उरलेला वेळ त्याची आई घेई. अशाच एका रविवारीं त्यानें आपण होऊन सांगितलें कीं, सुटीच्या दिवशीं तो व त्याचे कांहीं मित्र जुन्या पद्धतीचीं चिलखतें घडवितात, जमवितात, आणि उन्हाळ्यांत तीं अंगावर चढवून जुन्या लढायांचे प्रयोगहि करितात. प्राध्यापकाच्या अंगीं एक दुर्गुण मुरलेला असतो: समोरच्याचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच त्याचा शेरा तयार असतो. आम्ही म्हणालों, "एवढं शिकून शेवटीं पत्रेच ठोकायचे होते, तर आपली तांबट आळी काय वाईट होती?" पलीकडे क्षणभर कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग तो म्हणाला, "आईला द्या." त्यानंतर वर्षभर त्यानें तो विषय काढला नाहीं, आणि आम्हींहि नाहीं.

२०२३ च्या मे महिन्यांत आम्ही उभयतां लीड्सला गेलों. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं घराच्या मागच्या बाजूनें ठण् ठण् असा आवाज आला, आणि अर्धवट झोंपेंत आम्हांस वाटलें कीं आपण कसब्यांतल्या जुन्या वाड्यांतच आहोंत. आमचें बालपण त्या आवाजांत गेलें आहे. पेशवाईपासून नांदत आलेली पुण्याची तांबट आळी आमच्या वाड्यापासून पांच मिनिटांच्या अंतरावर होती. तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे सारखे घाव घालून त्याला ती चकाकती खवल्यांची कांति आणावयाची, या कामाला तेथें मठारणें म्हणतात. आणि हंडा नीट मठारला जात आहे कीं नाहीं, हें त्या आळींतलीं पोरें आवाजावरूनच सांगत. आम्ही उठून मागच्या दारानें बाहेर गेलों. मोटार ठेवण्याच्या लहानशा खोलींत आमचा मुलगा कानाला झांकणें लावून, चामड्याचा आगपट्टा बांधून उभा होता. त्याच्या समोर झाडाचा एक जाड ओंडका होता, ओंडक्याच्या माथ्यावर वाटीएवढा खळगा कोरलेला होता, आणि त्या खळग्यावर पोलादाचा पत्रा धरून तो हातोडीचे घाव घालीत होता. आम्हांस पाहून तो थांबला. "आवाज झाला का बाबा? झोंप मोडली?" त्यानें विचारलें. आम्ही म्हणालों, "नाहीं, नाहीं, चालूं दे." एवढेंच, परंतु आम्ही तेथून गेलों नाहीं, हें त्याच्या लक्षांत आलें असावें.

हळूहळू तो बोलूं लागला, आणि ज्याला आम्ही पाऊसपाण्यापलीकडे बोलतां येत नाहीं असें समजत होतों तो मुलगा दोन तास बोलत राहिला. प्रथम शिंप्याप्रमाणें अंगाचीं मापें घ्यावयाचीं. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून तो अंगावर लावून पाहावयाचा. नमुना बसला म्हणजे त्यावरून दीड-दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा कापावयाचा. आणि मग खळग्यांत आंतल्या बाजूनें ठोकीत ठोकीत त्याला गोलाई आणावयाची. यांत गोम अशी कीं, घाव बसतील तसतसा पत्रा कठीण होत जातो. एका मर्यादेनंतर तो वळेनासा होतो. तरीहि ठोकीत राहिलें तर तडकतो. अशा वेळीं हातोडी बाजूला ठेवून पत्रा लाल होईपर्यंत तापवावा लागतो आणि मग त्याला सावकाश, आपल्या आपण निवूं द्यावें लागतें. "पाण्यांत बुडवून घाईनं थंड करायचा नाहीं," तो म्हणाला. "बरेच नवे लोक इथंच चुकतात." आम्हीं मान डोलविली. मनांत मात्र कांहींतरी टोंचल्यासारखें झालें. तें काय, हें त्या वेळीं नीट कळलें नाहीं.

भिंतीवर त्याचा संग्रह टांगलेला होता. छाती-पाठीचे पत्रे, मागें निमुळतें होत गेलेलें शिरस्त्राण, बोटाबोटाला वेगळे खवले असलेले हातमोजे, आणि एक कड्यांचें चिलखत. या कड्यांच्या चिलखतांत प्रत्येक कडी चार शेजारच्या कड्यांत गुंतविलेली असते, जुन्या पद्धतीनें तिचीं टोकें एकमेकांवर चेपून रिवेटनें जोडलेलीं असतात, आणि एका सदऱ्याला अशा वीस-तीस हजार कड्या सहज लागतात. एवढें कष्टाचें काम त्यानें केव्हां केलें, असें आम्हीं कौतुकानें विचारलें. तो हंसला. "हें मी केलेलं नाहीं. विकत घेतलं. आपल्याकडचंच आहे, भारतांत झालेलं." युरोप-अमेरिकेंतील या छंदाच्या लोकांच्या अंगावरील पुष्कळशीं चिलखतें हल्लीं देहरादूनसारख्या ठिकाणच्या कारखान्यांतून जातात, हें आम्हांस तेव्हां प्रथम कळलें. इंग्रज तरुण आपल्या पूर्वजांचें शौर्य अंगावर चढवितो तें आपल्या एका कारागिराच्या हातचें असतें, हें ऐकून आमच्या इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकी हृदयाला गुदगुल्या झाल्या, हें कबूल केलें पाहिजे.

सौभाग्यवतीचें लक्ष मात्र निराळ्याच वस्तूकडे गेलें. पत्र्यांच्या खालीं घालावयाचा एक जाड, शिवणीशिवणीचा अंगरखा खुंटीवर होता, तो चाचपून ती म्हणाली, "ही तर गोधडी!" आणि खरोखरच ती गोधडी होती. तागाच्या कापडाचे थरावर थर घालून शिवलेला हा अंगरखा नसेल तर पोलादाचा कांहीं उपयोग नाहीं. पातें पत्रा अडवील, पण गुर्जाचा दणका अडविते ती गोधडी. गरीब शिपायाला पत्रे परवडत नसत. तो अशा जाड अंगरख्यावरच भिस्त ठेवून लढाईंत उभा राही. पंधराव्या शतकांतील फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या काळच्या एका आदेशांत पंचवीस-तीस थरांच्या अशा अंगरख्याचा उल्लेख आहे. सौभाग्यवतीनें त्या अंगरख्याची उसवलेली बाही त्याच दुपारीं घट्ट टांके घालून दिली. आमच्या घरांतलें पोलाद आम्ही आणि गोधडी ती, ही वांटणी किती जुनी आहे याचा विचार करीत आम्ही शेजारीं बसून राहिलों.

त्या रात्रीं झोंप येईना म्हणून मुलाच्या टेबलावरचीं पुस्तकें चाळीत बसलों, आणि हा छंद आम्हांस वाटला होता तसा आजकालचा नाहीं असें दिसून आलें. या छंदाच्या लोकांत पहिला मान सर्व्हान्टीसच्या डॉन क्विक्झोटला दिला पाहिजे. १६०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणांत तो गृहस्थ पणजोबांचें गंजलेलें चिलखत बाहेर काढून घासतो, आणि शिरस्त्राणाला तोंडाकडची बाजू नाहीं असें पाहून ती पुठ्ठ्याची करितो. मग ती टिकेल कीं नाहीं हें पाहाण्यासाठीं तलवारीचा वार करितो, आणि आठवड्याचें काम एका क्षणांत फुकट जातें. तो पुन्हां ती करितो, आंतून लोखंडाच्या पट्ट्या लावितो. आणि दुसऱ्यांदा मात्र तो शहाणा वार करून पाहात नाहीं! हा उतारा आम्हीं वर्गांत किती तरी वेळां हंसत हंसत सांगितला होता. स्वतःच्या हातानें कांहींच न घडविणाऱ्यालाच त्यावर तसें मोकळेपणीं हंसतां येतें, हें त्या रात्रीं प्रथम जाणवलें.

पुढें 'आयव्हॅन्हो'नें साऱ्या इंग्लंडाला वेड लाविलें, आणि १८३९ च्या ऑगस्टांत स्कॉटलंडांतील एग्लिंटनच्या अर्लनें आपल्या वाड्याच्या आवारांत जुन्या धर्तीचा द्वंद्वयुद्धांचा मोठा सोहळा मांडिला. सरदारांनीं चिलखतें मिळविलीं, महिनोन् महिने तालमी केल्या, हजारों लोक लांबून आले. आणि ऐन वेळीं स्कॉटलंडचा पाऊस कोसळला. चिखलांत घोडे रुतले, मंडप गळूं लागले, आणि सोहळ्याचे राजे म्हणून सजलेल्या लॉर्ड लंडनडेरींनीं डोक्यावर छत्री उघडली. चिलखत आणि छत्री यांची ही जोडी पाहून लोक पुढें कित्येक वर्षें हंसले.

परंतु आमचें मन अडकलें तें दुसऱ्याच एका गृहस्थापाशीं. सर सॅम्युएल रश मेरिक हे लंडनचे एक वकील. चिलखतांचा शास्त्रशुद्ध अभ्यास इंग्लंडांत त्यांनींच सुरू केला. १८२४ सालीं त्यांनीं त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि संग्रह घरांत मावेना तेव्हां हिअरफर्डशर परगण्यांत त्याच्यासाठीं गुडरिच कोर्ट नांवाचा वाडा बांधिला. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग आज लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्यें पाहावयास मिळतो. या मेरिकनें तरुणपणीं वडिलांच्या मनाविरुद्ध विवाह केला होता. रागावलेल्या वडिलांनीं संपत्ति मुलाला डावलून नातवाच्या नांवें केली. तो एकुलता एक नातू, ल्युएलिन, बापाच्या संग्रहांत बापाबरोबर रमणारा, १८३७ सालीं बापाच्या आधींच मरण पावला. मेरिक त्यानंतर अकरा वर्षें जगले. एका बापानें रागानें मुलाला वगळिलें, आणि दुसऱ्या बापाला, घरभर पोलाद असूनहि, मुलगा राखतां आला नाहीं. पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ तसेच बसलों. भिंतीपलीकडे आमचा मुलगा झोंपला होता.

दोन दिवसांनीं तो आम्हांस लीड्सच्या रॉयल आर्मरीज या संग्रहालयांत घेऊन गेला. राजघराण्याच्या शस्त्रागाराचें हें संग्रहालय १९९६ सालीं उघडलेलें आहे. आठव्या हेन्रीला सम्राट मॅक्सिमिलियननें नजर केलेलें, मेंढ्याचीं शिंगें आणि चष्मा असलेलें विचित्र शिरस्त्राण तेथें आहे. चष्मा पाहून सौभाग्यवतीनें तें थेट आमचेंच असल्याचें जाहीर केलें. आमच्या देशांतून गेलेलें हत्तीचें चिलखतहि तेथें आहे; लेडी क्लाइव्हनें तें १८०१ सालीं इंग्लंडला नेलें. त्याचे कांहीं भाग गहाळ झाले आहेत, तरी उरलेल्यांत पांच हजारांहून अधिक पत्रे असून वजन ११८ किलो भरतें. परंतु मुलाला आम्हांस दाखवावयाचें होतें तें निराळें. हेन्रीसाठीं १५२० सालीं पायदळ द्वंद्वयुद्धाकरितां घडविलेलें एक चिलखत त्यानें दाखविलें. त्याचे २३५ तुकडे आहेत, आणि ते एकमेकांत असे सरकतात कीं राजाच्या सबंध देहावर सुई शिरेल एवढीहि फट राहात नाहीं. मांडीचा मागचा भाग, गुडघ्याची लवण, कोपराची आंतली बाजू, हीं सर्व चिलखतांत सहसा उघडीं राहाणारीं ठिकाणें येथें झांकलेलीं आहेत. अंतराळवीराचा पोशाख कसा असावा याचा विचार करितांना १९६० नंतरच्या काळांत अमेरिकन तज्ज्ञांनीं याच चिलखताचा अभ्यास केला होता.

"बाबा, पत्रा कोणीहि वाकवील," मुलगा म्हणाला. "खरं काम सांध्यांत आहे. छातीवरचा पत्रा जाड केला म्हणजे झालं. पण माणूस मरतो तो काखेंत, कोपरांत, गुडघ्यामागं. तिथं जाड पत्रा घालून चालत नाहीं, कारण तिथून त्याला हलायचं असतं. तिथं झांकायचंहि आणि मोकळंहि ठेवायचं."

चिलखत घातलेला माणूस पडला तर उठूं शकत नाहीं, त्याला घोड्यावर चढवावयास यारी लागे, असें आम्हीं वर्गांत सांगत आलों होतों. तेंहि खोटें ठरलें. चांगल्या युद्धोपयोगी चिलखताचें वजन वीस-पंचवीस किलोंच्या घरांत असतें, तें सर्वांगावर वांटलेलें असतें, आणि सांधे नीट असतील तर तें घालून माणूस धांवतो, वांकतो, घोड्यावर चढतो. वजनानें माणूस अडत नाहीं. सांधा चुकला म्हणजे अडतो. त्या काचेच्या पेटीसमोर उभें असतां, ओंडक्यापाशीं आम्हांस काय टोंचलें होतें तें कळलें. मुलाच्या अंगावर आम्हीं आयुष्यभर पत्रे चढविले: अभ्यासाचे, शिस्तीचे, टक्क्यांचे, नांवलौकिकाचे. हेतु त्याला जगाचे घाव लागूं नयेत हाच. परंतु त्याला हलावयाचें कोठून आहे, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. शिंपीहि मापें घेतो. आम्हीं तेवढेंहि केलें नव्हतें.

आतां जें सांगावयाचें तें लिहितांना लाज वाटते. २०११ सालची गोष्ट. मुलगा दहावींत होता. शाळेंतून येतांना तो तांबट आळींत तासन् तास उभा राहातो अशी तक्रार आमच्या कानावर आली होती. पुढें एक दिवस दिसलें कीं, तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, माजघरांतल्या जुन्या दगडी उखळांत ठेवून, घरच्या हातोडीनें ठोकीत त्यानें एक टोप तयार केला आहे. त्याला दोन डोळे होते, नाकावर पट्टी होती, आणि तो खिडकींत ठेवून तो पोर त्याच्याकडे पाहात अभ्यासाला बसे. आम्हांस तें खपलें नाहीं. तो शाळेंत गेला असतां आम्हीं तो टोप, रद्दीबरोबर, भंगारवाल्याला देऊन टाकला. त्याचे भंगारवाल्यानें आठ रुपये दिले, आणि आम्हीं ते घेतले. संध्याकाळीं मुलगा आला, खिडकीकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां पुस्तक उघडून बसला. त्याला त्या वर्षीं उत्तम गुण मिळाले. आम्हीं ते आपल्याच दूरदृष्टीचे फळ मानिले. उखळाचा खळगा आणि लीड्सच्या ओंडक्याचा खळगा हे एकच, हें समजावयास आम्हांस बारा वर्षें लागलीं.

परत येण्याच्या आदल्या आठवड्यांत मुलगा म्हणाला, "टॉटनला जाऊं या." लीड्सपासून मोटारीनें अर्ध्या तासावर हें लहानसें खेडें आहे. १४६१ च्या मार्चांत, ईस्टरच्या आधींच्या रविवारीं, हिमवर्षावांत येथें यॉर्क आणि लँकेस्टर या घराण्यांची अत्यंत रक्तपाताची लढाई झाली. १९९६ सालीं तेथें एका घराचें बांधकाम चालू असतां एका खड्ड्यांत दाटीवाटीनें पुरलेले सुमारें चाळीस सांगाडे सांपडले. त्यांतील पुष्कळांच्या कवट्यांवर घावांवर घाव होते. शेवटच्या क्षणीं त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणें नव्हतीं, असें तज्ज्ञ मानितात. पळतांना फेंकलीं असतील, किंवा काढून घेतलीं असतील. त्यांत एक पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस होता. त्याच्या जबड्यावर फार जुना, भरून आलेला घाव होता. म्हणजे एका लढाईंतून तो वांचला होता आणि पुन्हां दुसरींत आला होता. बाकीच्या बहुतेकांहून तो वयानें वडील. त्यांत त्याचा मुलगा असेल काय, असा एक खुळा प्रश्न आमच्या मनांत आला.

रणभूमीच्या कडेला एक जुना दगडी क्रूस आहे. लॉर्ड डेकर या सरदाराविषयीं तिकडे अशी दंतकथा सांगतात कीं, लढाईच्या धुमाळींत त्याला तहान लागली, पाणी पिण्यासाठीं त्यानें शिरस्त्राण काढलें, आणि तेवढ्यांत बाण लागून तो पडला. हिरव्या शेतांवर वारा सुटला होता. सौभाग्यवती मोटारींतच बसली होती. मुलानें थर्मासमधून दोन पेल्यांत चहा ओतला. तो घोंटभर घेतला आणि आम्हीं सांगून टाकलें: "तो टोप मी भंगारांत विकला होता." लेखांतला 'आम्ही' तेथें चालण्यासारखा नव्हता.

तो क्षणभर आमच्याकडे पाहात राहिला. "मला ठाऊक होतं, बाबा. आईनं त्याच रात्रीं सांगितलं."

"मग इतक्या वर्षांत बोलला कां नाहींस?"

"तुम्ही कधीं विचारलं नाहींत." मग थोडें थांबून तो म्हणाला, "आणि त्याचे डोळे एका पातळींत नव्हते. घातला असता तर नाकच कापलं असतं. पण आठ रुपये मात्र माझे निघतात."

आम्हीं खिसे चाचपले. परदेशीं आल्यापासून निरुपयोगी झालेलीं आपलीं नाणीं पाकिटाच्या कोपऱ्यांत होतीं: पांचाचें एक, दोनाचें एक, एकाचें एक. तीं त्याच्या हातावर ठेविलीं. त्यानें तीं मोजून खिशांत घातलीं, आणि मग दोघेहि वाऱ्याकडे पाठ करून उरलेला चहा प्यालों. डेकरची चूक झाली असें लोक म्हणतात. परंतु तहान लागल्यावर त्यानें दुसरें काय करावयाचें होतें? शिरस्त्राण घालून पाणी पितां येत नाहीं.

शेवटचे चार दिवस आम्ही त्या मागच्या खोलींत उमेदवारी केली. मुलानें आमच्या कोपराचें माप घेतलें, नमुना कापून दिला, हातोडी कशी धरावी तें दाखविलें, आणि अगदीं पहिल्या इयत्तेंतल्या मुलाला सांगावें तशा धीरानें तेंच तेंच पुन्हां सांगितलें. आम्ही घाई केली, एका बाजूस जास्त ठोकलें, बोट चेंचून घेतलें. शिरस्त्राण घालून पाहिलें तों चष्म्यावर वाफ धरून जग दिसेनासें झालें. अखेरीस ती वाटी तयार झाली. मुलानें ती उजेडांत फिरवून पाहिली आणि निकाल दिला: "सांधा बसणार नाहीं. पण वाटी झाली." आमच्या तीस वर्षांच्या परीक्षकगिरींत इतका प्रामाणिक आणि इतका सौम्य शेरा आम्हीं एकाहि उत्तरपत्रिकेवर लिहिल्याचें स्मरत नाहीं.

आतां रविवारचें संभाषण पुन्हां तासावर गेलें आहे. पावसाचा विषय निघत नाहीं असें नाहीं. पण तो गंजाच्या अनुषंगानें निघतो. मुलाला मठारकामाची हातोडी हवी होती, म्हणून परवां आम्ही पुष्कळ वर्षांनीं तांबट आळींत गेलों. आतां तेथें हा धंदा करणारीं घरें थोडींच उरलीं आहेत. पण आवाज तोच. सोबत आमची वाटीहि नेली होती, कोणी सुधारून देईल तर पाहावी म्हणून. एका वृद्ध कारागिरानें ती हातांत घेतली, नखानें वाजवून पाहिली, चेपलेल्या बाजूवरून आंगठा फिरविला, आणि आमच्या पिकलेल्या केसांकडे व चष्म्याकडे पाहून विचारलें, "ही कुणी ठोकली?"

"मीच," आम्ही म्हणालों.

"घाई केलीत, साहेब. पत्रा निवूं दिला नाहींत."

"होय," आम्ही म्हणालों. "ती माझी जुनी खोड आहे."

तो हंसला. वाटी सुधारावयाची कीं कसें, म्हणून त्यानें विचारलें. आम्हीं क्षणभर विचार केला, आणि ती तशीच परत घेऊन घरीं आणून कपाटांत ठेविली.